रुचा की रिचा?



मी रायपूरहून बोलतोय. एकतीस वर्षं सैन्यात काढली आणि निवृत्तीनंतर पुन्हा आपल्या जन्मगावी येऊन राहिलो. आजचा विषय मात्र लष्करी नाही, अगदी घरगुती आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे नात झाली, आणि तिच्या नावातल्या एका अक्षरावरून घरात पंधरा दिवस शीतयुद्ध चाललं. नावावरून नाही बरं का. नाव सगळ्यांना पसंत होतं. ऋचा. भांडण होतं ते इंग्रजी स्पेलिंगचं. आर-यू-सी-एच-ए लिहायचं की आर-आय-सी-एच-ए?

पुण्यात किंवा साताऱ्यात बसून हे ऐकणाऱ्यांना वाटेल, यात भांडण्यासारखं काय आहे? तिथे कुणी विचारतच नाही. ऋचा म्हणजे रुचा, संपलं. पण इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, भोपाळ, आमचं रायपूर, बिलासपूर, इथल्या मराठी माणसाला ही अडचण एका क्षणात कळेल. आमच्या घरात अमृता आहे, तिला शाळेत सगळे अम्रिता म्हणायचे. भाची ऋजुता, तिची झाली रिजुता. माझ्या एका चुलत भावाचं नाव ज्ञानेश. घरी द्न्यानेश, कॉलनीत ग्यानेश. त्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर स्पेलिंग डी-एन-वाय-ए ने सुरू होतं. त्याच्या पहिल्या नोकरीत साहेबांनी हजेरी घेताना 'डिन्यानेश' अशी हाक मारली आणि हा दोन मिनिटं दुसऱ्या कुणाला तरी शोधत राहिला.

तर आमच्या घरची परिस्थिती अशी. आम्ही रायपूरचे मराठी, माझे आजोबा नोकरीनिमित्त नागपूरहून इकडे आले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, बाजारात छत्तीसगढी. सूनबाई दुर्गची, माहेर हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारं. लग्नानंतर तीन वर्षांत ती माझ्याशी मराठीत बोलायला लागली, अजूनही 'मी पाणी पिली' म्हणते आणि मी दुरुस्त करत नाही. (आमची ही करते.) नातीची सहाव्या दिवशी छट्ठी झाली, कारण छत्तीसगढात ती झालीच पाहिजे, आणि बाराव्या दिवशी बारसं, कारण आमच्यात ते झालंच पाहिजे. विहीणबाई तिला पहिल्या दिवसापासून 'हमर नोनी' म्हणतात. नोनी म्हणजे छत्तीसगढीत लहान मुलगी. तोपर्यंत सगळं छान चाललं होतं.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मुलाने विचारलं, "बाबा, स्पेलिंग काय लिहू?" मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? आर-यू." सूनबाई काही बोलली नाही. विहीणबाई बोलल्या. "समधी जी, रुचा? स्कूल में बच्चे लुच्चा-लुच्चा कहके चिढ़ाएँगे." मला राग आला. मग मी म्हटलं, रिचा ठेवलं तर रीछ म्हणून चिडवतील. मुलगा म्हणाला, "आय लिहिलं तर निदान श्रीमंत तरी वाटेल." तो विनोद कुणालाच आवडला नाही.

मी जिद्दीचा माणूस. दोन दिवस पुस्तकं काढून बसलो, म्हटलं शास्त्राधार दाखवतो. आणि शास्त्राने माझीच पंचाईत केली. संस्कृतात ऋ हा स्वतंत्र स्वर आहे. जिभेचा कंप हाच स्वर. त्यात 'इ' नाही आणि 'उ'सुद्धा नाही. अभ्यासक रोमन लिपीत लिहिताना म्हणूनच आर अक्षराखाली नुसतं टिंब देतात आणि मोकळे होतात. तो मूळ उच्चार रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेला. मग त्याच्या जागी आपण मराठी माणसांनी 'रु' धरला. गुजराती, कानडी, तेलुगू, ओडिया मंडळीही त्याच बाजूची. हिंदी, बंगाली, पंजाबी मंडळींनी 'रि' धरला. म्हणजे दोघंही तितकेच बरोबर आणि तितकेच चूक.

गंमत म्हणजे नकाशा पाहिला तर रायपूरच्या पश्चिमेला राजनांदगाव ओलांडलं की गोंदिया, तिथे 'रु'. पूर्वेला महासमुंद ओलांडलं की ओडिशा, तिथेही 'रु'. मध्ये आम्ही 'रि'च्या पट्ट्यात, दोन्ही बाजूंनी वेढलेले. लष्करी डोक्याला हे चित्र फार आवडलं. पण घरात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं.

आणखी एक गोष्ट सापडली, ती मला खरंच आवडली. हा ऋ जुन्या प्राकृत बोलींमधून येताना कुठे अ झाला, कुठे इ, कुठे उ. पृष्ठ या शब्दाची मराठीत पाठ झाली, हिंदीत पीठ. तृणाचं आपल्याकडे तण झालं, त्यांच्याकडे तिनका. मृत्तिकेची आपली माती, हिंदीची मिट्टी, आणि छत्तीसगढीची माटी! विहीणबाईंची माटी माझ्या मातीला हिंदीच्या मिट्टीपेक्षा जवळची. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मातीवरून आठवलं. रायपुरात एक जुनी शाळा माधवराव सप्र्यांच्या नावाची आहे. सप्रे घरचे मराठी. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत आणलं ते त्यांनीच. १९०१ सालची त्यांची गोष्ट 'एक टोकरी भर मिट्टी' हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये मोजली जाते. म्हणजे मराठी माणसाने हिंदीत जाऊन लिहिलेली मातीची गोष्ट. त्याआधी दीडशे वर्षांपूर्वी, १७५८ ते १७८७, बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार बघत होते. तेव्हापासून इथे मराठी माणूस आहे. इतक्या वर्षांत इथल्या मराठी घरांनी इथल्या कुणाशी भांडून मराठी टिकवली नाही. घरात बोलत राहिले, एवढंच. हे मला माहीत होतं, तरीसुद्धा मी 'यू'वर अडून बसलो होतो. का, तर मनात एक भीती होती. मुलाची मराठी माझ्यापेक्षा पातळ. नातीची त्याहून पातळ होणार. निदान नाव तरी आपल्यासारखं ऐकू यावं. तिच्या सगळ्या मराठीपणाचं ओझं मी त्या एका इंग्रजी अक्षरावर टाकत होतो.

आता लक्षात घ्या, देवनागरीत भांडण नव्हतंच. ऋचा. आमच्याकडेही ऋचा, दुर्गलाही ऋचा. आपापल्या पद्धतीने वाचा. रोमन लिपीत आलो की मात्र बाजू घ्यावी लागते. म्हणूनच एकाच नावाच्या रुचा हसबनीस आणि रिचा चढ्ढा होतात. मृणाल सेन यांच्या स्पेलिंगमध्ये आय आणि मृणाल ठाकूरच्या स्पेलिंगमध्ये यू. क्रिकेटमधली रिचा घोष सिलिगुडीची बंगाली, तिच्या घरी 'रु'चा प्रश्नच आला नसेल.

माझं मन बदललं ते या अभ्यासाने नाही. ते एका फोनच्या आठवणीने बदललं. ही गोष्ट मी घरातसुद्धा आधी सांगितलेली नव्हती.

१९८९ साली मी पलटणीत ॲडज्युटंट होतो. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने रेकॉर्डला जाते. त्या नोंदीवर पुढे सगळं चालतं, बायकोचं वैद्यकीय कार्ड, आणि नवऱ्यामागे तिचं पेन्शन. आमच्या कंपनीतला एक नाईक सातारा जिल्ह्यातला. लग्न करून रजेवरून परत आला. बायकोचं नाव कृष्णाबाई. (मी नाव बदललंय, पण ऋ तसाच ठेवलाय.) कारकून बिहारचा, कामात चोख. त्याने त्याच्या कानाने 'क्रिष्णाबाई' टाइप केलं, के-आर-आय. कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे आला, मी सही केली. त्या दिवशी मी कदाचित चाळीस सह्या केल्या असतील.

तो हवालदार होऊन निवृत्त झाला, गावी शेती करायला लागला. २०१६ साली वारला. तोपर्यंत गावच्या बँकेत आणि आधार कार्डावर बाईंचं नाव तिथल्या लोकांनी त्यांच्या कानाने लिहिलेलं, के-आर-यू. पेन्शनच्या कागदावर एक बाई, बँकेच्या पासबुकावर दुसरी. सात महिने कुटुंब-पेन्शन अडकलं. बाईंच्या पुतण्याने कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि फोन केला. त्याने नवऱ्याच्या ट्रंकेत सापडलेल्या जुन्या कागदाचा फोटो पाठवला. खाली माझी सही होती. स्पष्ट, ठसठशीत, तरुणपणची.

मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र झालं, सरपंचाचा दाखला झाला, सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका भल्या माणसाने पाठपुरावा केला, मी तीन पत्रं लिहिली. आठव्या महिन्यात पैसे आले. बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांना ती सही माझी आहे हे ठाऊकसुद्धा नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "तुमी काय करनार साहेब, माझ्याकडं तरी कुठं काय लिवलेलं हुतं?" ते खरं होतं. त्यांच्याकडे शाळेचा दाखला नव्हता, जन्माचा नव्हता. त्यांचं नाव पहिल्यांदा कागदावर चढलं ते आमच्या ऑफिसात, आणि ज्यांचं नाव त्या बाई हजारभर किलोमीटर दूर होत्या. कुणी विचारलं नाही की बाई, तुमचं नाव तुम्ही काय म्हणता.

नातीच्या वेळी ही गोष्ट मी रात्री जेवताना सांगितली. सांगून झाल्यावर सूनबाईने पहिल्यांदा या विषयावर तोंड उघडलं. "बाबा, त्यांना कुणी विचारलं नाही. आपल्याकडे पण कुणाला विचारलं का?" मी म्हटलं, "ती बारा-तेरा दिवसांची आहे, तिला काय विचारणार?" ती म्हणाली, "तिला नाही. मला."

मी गप्प झालो. आमची ही म्हणाली, "अहो, बरोबर आहे तिचं."

खरंच बरोबर होतं. आम्ही सगळे तावातावाने बोलत होतो आणि शाळेचे फॉर्म, लसीकरणाचं कार्ड, बँक, पुढची वीस वर्षं ज्या बाईला भरायची आहेत, ती तीन दिवस ऐकत बसली होती. तिने आपला विचार सांगितला. म्हणाली, मूल रायपुरात वाढणार. यू लिहिलं तर इथली टीचर एक तर 'रुचा' वाचेल नाही तर इंग्रजी धाटणीने 'रचा', आणि हिंदीत लिहिताना र-ला उकार देऊन लिहील, ऋ जाईल. आय लिहिलं तर 'रिचा' वाचेल आणि कदाचित र-ला वेलांटी देईल, तरीही ऋ जाईल. म्हणजे ऋ वाचवायचा असेल तर तो देवनागरीतच वाचवावा लागेल, इंग्रजीवर भरवसा नको. इंग्रजीत आय लिहूया, रोज दहा लोकांना समजावत बसायला नको. आणि घरात तुम्ही तिला रुचा म्हणा. "मी पण रुचाच म्हणणार आहे, बाबा. मला रुचा जास्त आवडतं."

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, कर्नलसाहेब हरले. मुलगाही तेच म्हणाला. सैन्यात वायरलेसवर नाव सांगताना प्रत्येक अक्षराला एक शब्द असतो. यूला युनिफॉर्म, आयला इंडिया. "बाबा, एकतीस वर्षं युनिफॉर्म झाला, आता इंडिया." हा विनोद मात्र मला आवडला.

कुणी असंही म्हणेल की सगळ्यांनी असंच केलं तर बाहेरच्या मराठी मुलींमध्ये एकही अमृता 'रु'ची उरणार नाही. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. नागपूरला राहत असतो तर मी यूच लिहिलं असतं आणि सूनबाईनेही लिहिलं असतं. जी मंडळी इंदुरात हट्टाने यू लिहितात त्यांना माझा सलाम आहे. एक ओळखीचं कुटुंब अमेरिकेत आहे, त्यांनी मृण्मयी नाव यूने लिहिलं, शाळेत तिला सगळे 'म्रून' म्हणतात आणि ती खुशीत आहे. प्रत्येक घराची गोष्ट वेगळी. काय ठरवलं यापेक्षा कुणी ठरवलं आणि पुढे ते सगळीकडे तसंच ठेवलं का, हे मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं.

थोडं कामाचं बोलतो, कारण माझ्या पिढीच्या आजोबांना हे माहीत नसतं. मला नव्हतं.

जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. त्यामुळे नावासाठीही तेवढेच दिवस आहेत असं वाटून घरं घाई करतात. तसं नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नाव नंतर भरता येतं. राज्यांच्या नियमांत साधारणपणे बारा महिन्यांपर्यंत त्याला शुल्कही नसतं. तेव्हा भांडायचं असेल तर निवांत भांडा.

पण एकदा भरलं की मग मात्र सावध. या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, आधार, सगळीकडे तोच. आपल्या वेळी शाळेच्या मास्तरांनी लिहिलं ते नाव आणि ती तारीख, माझा स्वतःचा वाढदिवस तसाच १ जून आहे. आता ती सोय संपली. दाखल्यात लेखनिकाची चूक झाली असेल तर कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण 'आम्हाला आता दुसरं स्पेलिंग आवडतं' ही चूक धरत नाहीत. आधारमध्येही नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तेव्हा अंकशास्त्रवाल्याने सांगितलं म्हणून शेवटी एक जादा ए जोडणाऱ्यांनी (आमच्याकडेही एक काका सुचवून गेले) तो ए पन्नास वर्षं वागवायची तयारी ठेवावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाखल्यावर नाव दोन लिप्यांत येतं. इंग्रजीकडे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो, देवनागरीकडे बघतच नाही.

मुलगा आणि मी नोंदणीच्या खिडकीवर गेलो. फॉर्मवर मी दोन्ही लिप्यांत मोठ्या अक्षरांत लिहून नेलं होतं. खिडकीतल्या मुलाने इंग्रजी नाव टाइप केलं, पडद्यावर शेजारी हिंदी नाव आपोआप उमटलं. 'रिचा'. र-ला वेलांटी. मी म्हटलं, "बेटा, ऋषी वाला ऋ." त्याने वर पाहिलं, कळफलकावर शोधलं. दोनदा रु आलं, एकदा नुसता र. मागे रांग होती, एकजण म्हणाला, "अंकल, चलेगा ना." मुलानेही माझा दंड धरला. मी म्हटलं, नाही चालणार. शेवटी त्या मुलाने दुसऱ्या कुठल्या तरी दाखल्यातून ऋषभ नावाचा ऋ उचलून आणला आणि पुढे चा जोडला. पडद्यावर ऋचा आलं. मी चष्मा लावून एक-एक अक्षर वाचलं, मग मान हलवली. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आलं असेल ते मला कळतं, पण तो गोड हसला आणि म्हणाला, "मेरी बुआ का नाम भी यही है." मी विचारलं, कसं लिहितात? तो म्हणाला, "कभी ध्यान नहीं दिया."

दाखला आला, लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेवला. फाइलच्या आतल्या बाजूला सूनबाईने एक चिठ्ठी चिकटवली आहे, दोन्ही लिप्यांत नाव, खाली लाल पेनाने 'यही, हमेशा यही'. लसीचं कार्ड त्याप्रमाणे, आधार त्याप्रमाणे.

विहीणबाई अजूनही नोनीच म्हणतात. आमची ही रुचा म्हणते, मुलगा कधी रुचा कधी रिचा. ती आता सव्वा वर्षाची आहे, सगळ्यांना ओ देते, मला तर मी काहीच न म्हणता देते.

दिवाळीत कृष्णाबाईंना फोन केला होता. दरवर्षी करतो. नात झाल्याचं सांगितलं, नाव सांगितलं. आवडलं त्यांना, काय अर्थ म्हणून विचारलं, मी वेदातल्या मंत्राचं सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आन् साहेब, समद्या कागदांवर येकच लिवलंय न्हवं?"